आपल्या मागे राहणाऱ्या नोंदी: खासगीपणा जपायची सुरुवात कशी करावी

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत फोनविषयीचे प्रश्न घेऊन माणसं येतात. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी ताई, कॉलेजची मुलं, कधी एखादा तालुका पत्रकार. पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "माझा फोन कुणी ऐकतंय का हो?" खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारतात.

मी सांगते, बहुतेक नाही. तुमचं बोलणं ऐकायचं तर सरकारी आदेश लागतो आणि ऐकत बसायला माणूस लागतो. पण तुम्ही कुणाला फोन केलात, किती वाजता, किती वेळ बोललात आणि तेव्हा कुठल्या टॉवरखाली होतात, हे तुमची मोबाइल कंपनी किमान दोन वर्षं जपून ठेवते. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलून ही मुदत एकाची दोन वर्षं केली. ती नोंद संशयिताची वेगळी आणि सामान्य माणसाची वेगळी अशी ठेवली जात नाही. सगळ्यांचीच ठेवली जाते.

पाळत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेडफोन लावून बसलेला अधिकारी येतो. आजची पाळत बहुतांशी आधीच साठलेल्या नोंदी मागवून घेऊन होते, आणि त्या नोंदी सरकारकडे कमी, कंपन्या, दुकानं, सोसायट्या आणि आपला स्वतःचा फोन यांच्याकडे जास्त असतात. म्हणून सुरुवात तिथूनच करायची: कुठे काय साठतंय ते पाहायचं, नको ते साठू द्यायचं नाही, आणि जे साठतं ते मागायचा अधिकार कुणाला कितपत आहे हे माहीत करून घ्यायचं.

आधी कालचा दिवस कागदावर मांडा

वही घ्या आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत कुठेकुठे नोंद झाली ते लिहून काढा. दुधाचे पैसे यूपीआयने दिले. गाडी टोलवरून गेली, फास्टॅग वाजला. सोसायटीच्या गेटवर पाहुण्याचा फोटो ॲपमध्ये गेला. झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रत काढली. चौकातल्या कॅमेऱ्याखालून तीनदा गेलात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका साध्या मंगळवारच्या एकतीस नोंदी निघाल्या, आणि त्या दिवशी मी गावाबाहेरही गेले नव्हते.

यातली फोनची नोंद जरा जवळून बघा. तिला सीडीआर म्हणतात. त्यातली एक ओळ म्हणजे: फोन करणारा नंबर, घेणारा नंबर, तारीख, वेळ, किती सेकंद बोलणं झालं, हँडसेटचा आयएमईआय क्रमांक, सिमचा क्रमांक, आणि बोलणं सुरू होताना व संपताना फोन ज्या टॉवरला जोडलेला होता त्याचा क्रमांक. बोललेला एक शब्दही त्यात नाही. पण समजा, एका शिक्षिकाबाईंच्या अशा ओळी आठवडाभराच्या आहेत. सोमवारी सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याला दोन मिनिटं. लगेच बहिणीला चाळीस मिनिटं. बुधवारी दुपारी, शाळेच्या वेळेत, टॉवर जिल्ह्याच्या गावच्या इस्पितळाजवळचा. संध्याकाळी वकिलांना सहा मिनिटं. बाई काय बोलल्या हे कुणाला कळायची गरजच उरली नाही.

शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे माणसाची जागा काहीशे मीटरपर्यंत कळते. खेड्यात एकच टॉवर कित्येक किलोमीटर झाकतो, तिथे अंदाज ढोबळ. आणि एखाद्या ठिकाणी गुन्हा घडला की पोलीस त्या टॉवरखाली त्या वेळी असलेले सगळेच नंबर मागवतात. त्याला टॉवर डंप म्हणतात. त्यात गुन्हेगार असेल वा नसेल, बसस्टॉपवर उभे असलेले तुम्ही नक्की असता.

इथे कुणीतरी म्हणतंच, "मी काही वावगं करत नाही, मग मला कसली भीती?" मी त्यांना ठाण्याची गोष्ट सांगते. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारं जाळं उघडकीला आणलं. खासगी गुप्तहेरांना अटक झाली. तपासासाठी म्हणून जी नोंद पोलिसांनाच मिळायला हवी, ती पैसे मोजणाऱ्याच्या हातात जात होती. ज्यांच्या नोंदी विकल्या गेल्या त्यांनी काय वावगं केलं होतं? नोंद एकदा साठली की ती कुणापर्यंत जाईल हे तुमच्या चांगुलपणावर ठरत नाही.

कुणाला काय मागता येतं

कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तो वगळू नका. घाबरायचं किती आणि भांडायचं कुठे, हे त्यावरच ठरतं.

बोलणं ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ५(२) ने दिला होता. आता त्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे आणि त्याखालचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. केंद्रात केंद्रीय गृह सचिव, राज्यात राज्याचे गृह सचिव लेखी आदेश काढतात. आदेश ६० दिवसांचा, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांपेक्षा जास्त नाही. तातडीच्या वेळी खालचा वरिष्ठ अधिकारी आधी ऐकायला सुरुवात करू शकतो, पण सात कामकाजी दिवसांत वरून मंजुरी यावी लागते. आदेश बरोबर होता का, हे एक आढावा समिती नंतर तपासते. राज्यात त्या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात.

आता नीट बघा. आदेश काढणारे सरकारी अधिकारी, तपासणारेही सरकारी अधिकारी. न्यायाधीश कुठेच नाही. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला चाप लावला, तेव्हाही न्यायालयाची पूर्वपरवानगी घालून दिली नव्हती. आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवायची तरतूद नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. जे कधी कळणारच नाही त्याविरुद्ध माणूस दाद मागणार कशी? २०१३ मध्ये माहिती अधिकारात उत्तर मिळालं होतं की एकटं केंद्र सरकार महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० फोन ऐकण्याचे आदेश काढतं. इतके आदेश एक अधिकारी वाचून, विचार करून काढत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

इंटरनेटवरच्या माहितीसाठी वेगळं कलम आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९. त्याखाली २० डिसेंबर २०१८ रोजी गृह मंत्रालयाने दहा यंत्रणांची यादी जाहीर केली: गुप्तचर विभाग, सीबीआय, ईडी, एनआयए, प्रत्यक्ष कर मंडळ, दिल्लीचे पोलीस आयुक्त वगैरे.

सीडीआरला मात्र गृह सचिव लागत नाहीत. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या लेखी मागणीवर कंपनी ती देते. म्हणजे वर सांगितलेली शिक्षिकाबाईंची यादी त्यांच्या बोलण्यापेक्षा कितीतरी सहज मिळते.

आपल्या बाजूने काय आहे? सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त कारण हवं, आणि कारणाच्या मानाने जास्तीचा हात घालता कामा नये. हा निकाल नुसता कागदावर राहिला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणात सीबीआयसाठी काढलेले फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. न्यायालयाचं म्हणणं असं की कायद्यात "सार्वजनिक आणीबाणी" किंवा "सार्वजनिक सुरक्षा" लिहिलं आहे, आणि या प्रकरणात दोन्हीतलं काहीच नव्हतं.

आणि नवा डेटा संरक्षण कायदा? तो २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांविरुद्ध त्याचा उपयोग होईल. सरकारविरुद्ध फार आशा धरू नका, कारण केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कुठल्याही यंत्रणेला त्यातून वगळू शकतं.

पहिली संध्याकाळ: सिम आणि आधार

इथून हाताने करायची कामं. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर जा. तिथे तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते बघता येतं. नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत सहा. मी दोन वर्षांपूर्वी ही यादी काढली तर त्यात एक अनोळखी नंबर. आठवून बघितलं, तेव्हा भाड्याच्या घरासाठी एका एजंटला आधारची अख्खी प्रत व्हॉट्सॲपवर पाठवली होती, त्यापलीकडे काही सुचेना. नंबरासमोर "हा माझा नंबर नाही" असा पर्याय असतो, तो निवडून तक्रार केली आणि काही आठवड्यांनी तो बंद झाला. पण तेवढे दिवस त्या नंबरावरून कुणी धमकीचा फोन केला असता, तर पोलीस पहिल्यांदा माझ्याच दारात आले असते. म्हणून ही यादी वर्षातून दोनदा तरी बघा, घरातल्या वडीलधाऱ्यांचीही बघा.

संकेतस्थळ वापरा म्हणतेय, ॲप नाही, याला कारण आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीपासून भरून देण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला तो मागे घेतला गेला. ब्राउझरमधून जे काम दोन मिनिटांत होतं, त्यासाठी कॉल आणि मेसेजच्या परवानग्या मागणारं ॲप फोनमध्ये कायमचं ठेवायची गरज मला दिसत नाही. ओरड केल्याने आदेश मागे जातो, हेही त्यातून दिसलं.

आता आधार. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपमध्ये शिरा आणि तीन गोष्टी करा.

पहिली, मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. लॉज, सायबर कॅफे, घरमालक, वर्गणीची पावती, इथे हीच प्रत द्या. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स सर्रास देऊ नका, मास्क्ड प्रत द्या, असं पत्रक काढलं होतं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं, पण सल्ला योग्यच होता. प्रतीवर पेनने आडवं लिहा: कुणाला दिली, कशासाठी, तारीख. जुन्या लोकांची ही सवय होती, ती टिकवा. आणि झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर फाइल पाठवलीत तर काम झाल्यावर त्याच्या संगणकातून समोर उभं राहून पुसून घ्या. भाचीच्या अकरावीच्या प्रवेशावेळी मी अशा एका दुकानात उभी होते. पडद्यावर डाउनलोडचं फोल्डर उघडं होतं, आणि त्यात नावांसकट आधार, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं खालपर्यंत सरकत गेली तरी संपेनात. दुकानदार सज्जन होता. पुसायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी, बायोमेट्रिक कुलूप. ते लावलं की तुमच्या बोटाच्या ठशाने कुणालाही पडताळणी करता येत नाही. पण थांबा, घरातल्या आजी रेशन दुकानावर अंगठा लावून धान्य घेत असतील, किंवा बँकमित्राकडे अंगठ्यावर पैसे काढत असतील, तर कुलूप लावल्यावर मशीन त्यांना नाकारेल. निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखलाही ठशाने देत असाल तर तिथेही अडेल. जाण्याआधी कुलूप काही मिनिटांपुरतं उघडता येतं, पण त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल हाताशी लागतो. आजींचा नंबर मुलाच्या फोनमध्ये पुण्यात असेल तर हे कुलूप लावू नका. सुरक्षेपायी महिन्याचं धान्य बुडू द्यायचं नाही.

तिसरी, पडताळणीचा इतिहास. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे आणि कशाने तपासलं गेलं ते त्यात दिसतं. न ओळखीची ओळ दिसली तर १९४७ या क्रमांकावर तक्रार करा.

कुठे आधार द्यायला नकार देता येतो? सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार कायद्यातली खासगी कंपन्यांना आधार मागू देणारी तरतूद काढून टाकली. बँक खातं आणि मोबाइल सिमसाठी आधारची सक्ती नाही, दुसरं ओळखपत्र चालतं. काउंटरवरचा मुलगा "सिस्टिम घेत नाही" म्हणेल. त्याच्यावर चिडू नका, लेखी नकार मागा. बरेचदा तेवढ्यावर सिस्टिम घेते.

आधारचे ठसे पोलिसांना मिळतात का, हा प्रश्न हमखास येतो. याचं उत्तर गोव्यातून आलं. तिथल्या एका लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या तपासात गोव्यातल्या सगळ्या आधारधारकांची बायोमेट्रिक माहिती सीबीआयला देण्याचा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. गुन्हा भीषण होता, आरोपी सापडावा असं कुणाला वाटणार नाही? तरीही मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीशिवाय ही माहिती कोणत्याही यंत्रणेला देऊ नये. एका गुन्ह्यासाठी अख्ख्या राज्याला संशयितांच्या रांगेत उभं करायचं नाही, हा धडा त्या वेळी मिळाला. पुढे २०१६ च्या आधार कायद्यातही ठसे आणि डोळ्यांची माहिती कुणालाही, कुठल्याही कारणाने द्यायची नाही, असं आलं.

दुसरी संध्याकाळ: फोन आणि चॅट

फोनची सेटिंग्ज उघडून लोकेशनच्या परवानग्यांत जा. कुठल्या ॲपला कायम परवानगी आहे ते बघा आणि "ॲप वापरतानाच" असं करा. टॉर्च, कॅल्क्युलेटर, भजनांचं ॲप यांना ती पूर्ण काढा. हवामानाच्या ॲपला ढोबळ जागा पुरते, "अचूक" हे बटण बंद ठेवा. गुगलच्या नकाशातली टाइमलाइन उघडून जुना माग पुसा. मायक्रोफोन आणि संपर्क यांच्या परवानग्याही याच वेळी तपासा.

स्क्रीनला चार अंकी नव्हे, किमान सहा अंकी पिन लावा, आणि तो जन्मतारखेचा नको. बोट किंवा चेहरा सोयीचा असतो, पण झोपेत किंवा जबरदस्तीने बोट टेकवता येतं. अडचणीची वेळ दिसली तर फोन बंद करून चालू करा. त्यानंतर तो पहिल्यांदा पिनच मागतो.

अपडेट आला की टाळू नका. जुलै २०२१ मध्ये पेगॅससचं प्रकरण बाहेर आलं. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर कंपनीच्या सांगण्यानुसार फक्त सरकारांना विकलं जातं. काही न दाबताही ते फोनमध्ये शिरतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने नोंदवलं. अशी महागडी हत्यारं तुमच्या-माझ्यावर सहसा चालवली जात नाहीत. तुम्ही पत्रकार, वकील, कार्यकर्ते असाल तर मात्र आयफोनमधला लॉकडाउन मोड किंवा नव्या अँड्रॉइडमधलं प्रगत संरक्षण सुरू करा, आणि फोन रोज एकदा बंद करून चालू करा.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं २०१६ पासून दोन टोकांच्या फोनवरच उलगडतं, मधल्या कुणाला वाचता येत नाही. मग चॅट बाहेर जातात कशा? बहुतेकदा बॅकअपमधून, दुसऱ्याच्या फोनमधून, किंवा जप्त झालेल्या फोनमधून. गुगल ड्राइव्ह वा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपोआप कुलूपबंद नसतो. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं जाऊन "एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप" चालू करा. त्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, विसरलात तर कुणीच काढून देऊ शकत नाही. जोडलेली उपकरणं बघा, ऑफिसच्या संगणकावर विसरलेलं व्हॉट्सॲप तिथे सापडेल. दोन-पायरी पडताळणी लावा. नाजूक विषयाच्या चॅटला आपोआप पुसण्याची मुदत लावा.

तरीही तुम्ही कुणाशी, कधी बोलता हे व्हॉट्सॲपला कळतंच. ते नको असेल तर सिग्नल हे चॅट ॲप. अमेरिकेतल्या न्यायालयाने मागणी केली तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखं होतं ते खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, इतकंच. टेलिग्रामबद्दल मोठा गैरसमज आहे. तिथल्या साध्या चॅट आणि ग्रुप दोन टोकांपुरते कुलूपबंद नसतात, त्यासाठी "गुप्त चॅट" वेगळी उघडावी लागते.

व्हीपीएनविषयी (तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) थोडक्यात: त्याने तुमची भेट दिलेली संकेतस्थळं मोबाइल कंपनीपासून लपतात आणि व्हीपीएन कंपनीला दिसतात. भरवसा इकडून तिकडे हलतो, इतकंच. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातल्या व्हीपीएन सेवांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं ठेवायचे आहेत. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर काढून घेतले. फुकट व्हीपीएन तर घेऊच नका.

रस्ता आणि विमानतळ

रस्त्यावर आपल्या हातात फार काही नाही. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आहेत. विमानतळावर मात्र निवड आहे. चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा ऐच्छिक आहे. पुण्यात आणि मुंबईतही दारावरचा कर्मचारी आपुलकीने फोन हातात घेऊन नोंदणी करून द्यायला निघतो. "नको, मी ओळखपत्र दाखवते" म्हटलं की साध्या रांगेतून जाता येतं. चेहरा बदलता येत नाही, पासवर्ड बदलता येतो, एवढं त्या क्षणी आठवा.

पोलिसांनी फोन मागितला तर

ही पायरी मी सगळ्यात हळू समजावते, कारण इथे माणसं गांगरतात.

रस्त्यात नाकाबंदीवर कागदपत्रं मागता येतात, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन उघडून व्हॉट्सॲप चाळण्याची सरसकट मुभा कुठल्या कायद्यात नाही. नम्रपणे विचारा: "साहेब, कुठल्या गुन्ह्यात, कुठल्या कलमाखाली? लेखी द्याल का?" आवाज चढवू नका, झटापट तर मुळीच नको. अधिकाऱ्याचं नाव आणि पोलीस ठाणं लक्षात ठेवा.

तपासासाठी फोन हवा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची लेखी नोटीस येते. ती मिळाल्यावर फोनमधलं काहीही पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ज्यात तुमचा काही संबंध नव्हता अशा प्रकरणात तुम्ही त्यामुळे अडकाल. वर सांगितलेली साफसफाई आजची, रोजची सवय म्हणून करायची आहे, नोटीस आल्यावर नाही.

फोन जप्त होत असेल तर पंचनामा होतो. त्यात मॉडेल आणि आयएमईआय बरोबर लिहिला आहे का ते स्वतः वाचा. फोन सीलबंद होतो का बघा. हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. ती फोनमधल्या मजकुराच्या ठशासारखी असते, नंतर आत एक अक्षर घातलं किंवा काढलं तरी ती बदलते. डिजिटल पुरावा न्यायालयात दाखल करताना द्यायच्या प्रमाणपत्रात तिचा रकाना आता आहेच. जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करणं त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केलं आहे. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही.

पासवर्ड सांगावाच लागतो का? स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू नये, असं संविधानाचं कलम २०(३) म्हणतं. पासवर्ड त्यात येतो की नाही, यावर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळं म्हटलं आहे. त्यामुळे तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणण्याआधी "वकिलांशी बोलून सांगते" म्हणा. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. शिवाय साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर स्त्रिया आणि साठीच्या पुढची माणसं यांची चौकशी घरीच व्हावी, अशी तरतूद आहे. पोलीस ठाण्यात जावंच लागलं, तर तिथे कॅमेरे असायला हवेत आणि चित्रण किमान एक वर्ष ठेवायला हवं, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश ध्यानात ठेवा. आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून ठेवा. चित्रण मागायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

एक अर्ज लिहाच

इतकं झालं की मी प्रत्येकाला माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहायला लावते. महाराष्ट्रात शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही भरता येतो. इथल्या नियमानुसार अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवस.

नोव्हेंबर २०२५ मध्ये माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं आणि "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार देणं सोपं झालं. म्हणून माणसांविषयी विचारू नका, व्यवस्थेविषयी विचारा. आमच्या गटाने नगरपालिकेला विचारलेले प्रश्न असे होते, गावाचं नाव बदलून तुम्हीही वापरा:

शहरात सार्वजनिक जागी बसवलेले कॅमेरे किती आणि कुठे. चित्रण किती दिवस साठवतात. ते पाहण्याचा अधिकार कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्यांना आहे. गेल्या वर्षभरात चित्रण कुणाकुणाला दिलं याची नोंदवही ठेवली आहे का, असल्यास तिची प्रत. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलं आहे का, असल्यास खरेदीच्या आदेशाची प्रत.

आम्हाला पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं सत्ताविसाव्या दिवशी आली. नोंदवही ठेवलेली नव्हती. पाचव्यावर अपील टाकलं आहे, सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.